सोड्याची बाटली आणि दीड मिलिमीटर

गेल्या अंकात मी एक वाक्य लिहून बसले : 'रोज पूल खेळणारे बहुतेक जण रोज आपल्याच चुका घोटून पक्क्या करत असतात.' त्यावर महिनाभर पत्रं येताहेत. निम्मी कबुलीची, निम्मी रागाची. (नव्या वाचकांसाठी : पूल म्हणजे क्यू नावाच्या लांब काठीने पांढरा बॉल, म्हणजे व्हाइट, मारून बाकीचे बॉल टेबलाच्या खिशांत, म्हणजे पॉकेटांत, टाकायचा खेळ. बिलियर्ड आणि स्नूकर ही त्याचीच भावंडं.) एका गृहस्थांनी तर 'बाई, तुम्ही स्वतः कुठे शिकलात ते आधी सांगा' असं खडसावलं आहे.

विचारलंत ते बरं केलंत. भुसावळला, रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये. अण्णा गार्ड होते. ड्युटीवरून आले की आंघोळ, जेवण आणि मग तिथलं बिलियर्डचं टेबल, असा त्यांचा क्रम. मी नऊ-दहा वर्षांची असताना स्कोअरबोर्डवरचा काटा सरकवायला स्टुलावर उभी राहायचे. टेबलाच्या कापडाला एका कोपऱ्यात शिवण घातलेली होती आणि तिच्यावरून गेलेला बॉल हमखास डावीकडे वळायचा. मला क्यू धरायला शिकवलं ते तिथल्या मार्करचाचांनी. (मार्कर म्हणजे टेबल झाडणारा, स्कोअर सांगणारा, क्यूच्या टोकाची चामडी टिप चिकटवून देणारा आणि साहेब लोकांना खेळ शिकवणारा माणूस. या लोकांच्या हाताखाली किती खेळाडू तयार झाले त्याची गणती नाही, आणि ट्रॉफीवर त्यांचं नाव कुणी कोरत नाही.) आता मी पुण्यात एका पार्लरमध्ये सकाळी, गिऱ्हाईक यायच्या आधी, शिकवते. प्रमाणपत्रं आहेत, पण ती कपाटात आहेत. चाचांची सोड्याची बाटली मात्र रोज टेबलावर असते. तिच्याकडे येतेच. आधी पत्रं.

माझ्या ऑफिसात कँटीनबाहेर पूल टेबल आहे. अडीच वर्षं रोज जेवणानंतर अर्धा तास खेळतो. पहिल्या सहा महिन्यांत झपाट्याने सुधारलो, मग गाडी अडकली ती अडकलीच. जवळचे बॉल जातात, लांबचे सुटतात आणि व्हाइट कुठे जाईल ते देवालाच ठाऊक. यूट्यूबवरचे शंभर व्हिडिओ पाहून झाले. क्लास लावून खरंच फरक पडतो का? एफ्रेन रेयेस कुठे क्लासला गेला होता?
— एक सॉफ्टवेअरवाला, हिंजवडी

रेयेसचं आधी उरकते, कारण ते उदाहरण मला दर महिन्याला कुणीतरी तोंडावर फेकतं. फिलिपिन्सचा हा जादूगार लहानपणी मनिलात काकांच्या पूल हॉलमध्ये वाढला. हात पुरत नाही म्हणून कोकच्या बाटल्यांच्या क्रेटवर उभा राहून खेळायचा आणि रात्री टेबलावरच झोपायचा. १९९९ मध्ये तो नाइन-बॉलचा (नऊ बॉलांच्या पूलचा) जगज्जेता झाला. क्लासची पावती त्याने फाडली नसेल, पण सकाळपासून रात्रीपर्यंत पैसे लावून खेळणारे कसलेले लोक त्याच्या नाकासमोर होते. तुमच्या कँटीनमध्ये तसं कोण आहे? टेस्टिंगमधला तो मुलगा? त्याला तुम्ही हरवता असं तुम्हीच पत्रात पुढे लिहिलं आहे.

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं. सहा वेळा स्नूकरचा जगज्जेता झालेला स्टीव्ह डेव्हिस लंडनमधल्या एका कामगारांच्या क्लबात शिकला, तोही एका जुन्या पुस्तकावरून. म्हणजे पुस्तकावरून शिकता येतं, व्हिडिओवरूनही येत असेल. पण डेव्हिसच्या बाबतीत पुस्तक वाचून पोराच्या कोपराकडे बघत बसणारा बाप समोर होता. तो पुढेही वर्षानुवर्षं बघत राहिला. व्हिडिओ तुम्हाला दिसतो, तुम्ही व्हिडिओला दिसत नाही, अडचण एवढीच आहे.

आणि या खेळात न दिसणाऱ्या चुकीची किंमत फार असते. हिशेब करून बघा. पूलचा बॉल ५७ मिलिमीटरचा. सरळ शॉटमध्ये व्हाइट ठरल्या जागेपासून फक्त १ मिलिमीटर बाजूला लागला, तर समोरचा बॉल साधारण १ अंशाने वाकडा जातो. मीटरभर लांब जाईपर्यंत त्या एका अंशाचे १७-१८ मिलिमीटर होतात. कोपऱ्यातल्या पॉकेटचं तोंड साडेचार इंचांच्या आसपास, म्हणजे जेमतेम दोन बॉल मावतील एवढं. म्हणजे मीटरभरावरचा बॉल टाकायला तुम्हाला सवड मिळते ती इकडे दीड आणि तिकडे दीड मिलिमीटरची. जवळचे बॉल जातात आणि लांबचे सुटतात, त्याचं कारण हे. तुमची चूक दोन्हीकडे सारखीच आहे, जवळच्या शॉटमध्ये पॉकेट ती पोटात घालतं. पहिल्या सहा महिन्यांत तुम्ही सुधारलात ते नजरेने. नेम धरायला नजर लवकर शिकते. पुढचं काम हाताचं आहे, आणि हात आपोआप शिकत नाही. त्याला जे रोज करायला लावाल ते तो इमानेइतबारे पक्कं करतो, चुकीचं असलं तरी.

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे एक बँकेतले अधिकारी आले. वय पन्नाशीचं, हिशेबी माणूस. 'ताई, माझा नेम चुकतो, नेम तेवढा शिकवा.' मी म्हटलं, दहा शॉट मारा. बाजूला मोबाइल लावून ठेवला. दहांत सहा गेले. मग व्हिडिओ सावकाश चालवून दाखवला. क्यू व्हाइटला लागायच्या आधीच यांची हनुवटी वर उचललेली आणि उजवं कोपर फासळीपासून चांगलं वीतभर बाहेर गेलेलं. पॉकेटात काय होतंय ते बघायची एवढी घाई! त्यांनी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला आणि म्हणाले, 'हा मी नाही.' नेम त्यांचा व्यवस्थित होता. नेम धरायचे आणि मग शेवटच्या क्षणी स्वतःच मोडायचे.

त्यांना मी पंधरा दिवस एकही बॉल पॉट करू (पॉकेटात टाकू) दिला नाही. इथे येते सोड्याची बाटली. साधी, गोटीवाली नव्हे. टेबलावर रुमाल टाकून ती आडवी ठेवायची, तोंड आपल्याकडे. आडव्या बाटलीचं तोंड टेबलापासून जवळजवळ तेवढ्याच उंचीवर येतं जेवढ्यावर बॉलचा मध्य असतो. चाचांनी हे कधी मोजलं नव्हतं, मी पुढे मोजलं. डावा हात बाटलीपासून वीतभर मागे टेकवायचा आणि क्यू त्या तोंडातून आत घालून बाहेर काढायचा. काचेला न लागता. पूलच्या क्यूची टिप १२-१३ मिलिमीटरची, तोंड तिच्याहून थोडंसंच मोठं. पहिल्या दिवशी टिंग-टिंग-टिंग आवाज येत राहतो, पार्लरमध्ये झाडू मारणारा पोरगाही हसतो. आवाज कुठे येतो ते ऐकायचं. जाताना आला तर डावा हात हलतोय, मागे येताना आला तर कोपर वळतंय. आठवड्याभरात अधिकाऱ्यांची बाटली गप्प झाली. मग व्हाइट टेबलाच्या एका टोकाकडे, मध्यरेषेवर ठेवून समोरच्या कुशनवर (टेबलाच्या रबरी काठावर) सरळ मारायचा; परत येताना तो आपल्याच टिपला येऊन लागला पाहिजे. डावीकडे-उजवीकडे आला की समजायचं, न कळत साइड, म्हणजे बाजूची फिरकी, लागतोय. वाचायला हा पोरखेळ वाटेल. आज जेवायच्या सुट्टीत करून बघा आणि वीसांत किती येतात ते मला कळवा.

आता क्लासचं. चांगला शिक्षक ओळखायची माझी एक खूण आहे. तो पहिली दहा मिनिटं गप्प बसून तुम्हाला खेळू देतो. जो पहिल्याच दिवशी तुमचं उभं राहणं, पकड आणि ब्रिज (क्यूला टेकू देणारा पुढचा हात) असं तिन्ही एकदम बदलतो त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी जाऊ नका. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सलग सहा महिन्यांची फीही भरू नका. चार-सहा बैठका घ्या, मग महिनाभर स्वतः घासा आणि पुन्हा एकदा दाखवायला जा. आणि एक आधीच सांगून ठेवते : पहिले दोन-तीन आठवडे तुमचा खेळ बिघडेल. टेस्टिंगमधला मुलगा तुम्हाला धुऊन काढेल. बरेच जण याच टप्प्यावर 'जुनंच बरं होतं' म्हणून पळतात. अधिकारीही एकदा पळाले होते. गणपतीनंतर परत आले.

आमच्या गावात एकच पार्लर, तासाला दोनशे रुपये. आठवड्यातून दोन तासच परवडतात. त्यात सराव करू की मित्रांशी गेम खेळू? गेम न खेळता नुसता सराव करायला जीव होत नाही.
— एक विद्यार्थी, कऱ्हाड

तास दोन असले तर एक सरावाला, एक गेमला. गेम सोड असं मी सांगणार नाही. तू ऐकणार नाहीस, आणि ऐकलंस तर कंटाळून खेळच सोडशील. पण सरावाचा तास एकट्याचा आणि तो पहिला. थकल्यावर केलेला सराव म्हणजे चुकांचीच उजळणी.

दहा रुपयांची वही घे. तुझ्या दोनशे रुपयांतले निम्मे ती वाचवेल. पहिली वीस मिनिटं एकच शॉट : बॉल टेबलाच्या मधोमध, व्हाइट त्याच्या दीड फूट मागे, कोपऱ्यातल्या पॉकेटशी एका रेषेत. दहा वेळा असा मार, की बॉल पॉट झाल्यावर व्हाइट जागेवर खिळला पाहिजे. हा स्टॉप शॉट. नुसता मधोमध मारून भागत नाही हे तुला लगेच कळेल. जाता जाता कापड व्हाइटला पुढे लोळवायला लागतं, म्हणून अंतर वाढेल तसं थोडं खाली मारावं लागतं. मग पाच वेळा वर मारून फॉलो (व्हाइट पुढे जातो), पाच वेळा आणखी खाली मारून स्क्रू (व्हाइट मागे येतो). वहीत लिहायचं : तारीख, दहांत किती थांबले, आणि सुटलेला प्रत्येक बॉल पॉकेटच्या डाव्या जबड्याला लागला की उजव्या. हे शेवटचं लिहिणं फार कामाचं. महिन्याने मागची पानं चाळलीस आणि चुकलेल्या वीसांतले सोळा डावीकडे दिसले, तर तो नशिबाचा खेळ नाही. तुझं शरीर काहीतरी एकच चूक नेमाने करतंय. ही वही शिक्षकाला दाखवलीस तर त्याची पहिली बैठक वाचते.

पुढची वीस मिनिटं अँगलची. सुरुवात हाफ-बॉलने कर, म्हणजे व्हाइटचा मध्य समोरच्या बॉलच्या कडेवर धरायचा. बॉल ३० अंशांनी कापला जातो. आता बॉलकडे बघू नकोस, व्हाइट कुठे जातो ते बघ. तो लोळत जाऊन लागला, तर आपल्या मूळ वाटेपासून साधारण ३० अंशांनी वळतो. तर्जनी आणि मधलं बोट फाकवून व्ही कर, कोन जवळपास तेवढाच असतो. एक बोट नेमाच्या दिशेने धर, दुसरं बोट व्हाइटची वाट दाखवेल. पाव बॉलपासून पाऊण बॉलपर्यंतच्या लागण्याला हा अंदाज बऱ्यापैकी चालतो. व्हाइट न लोळता घसरत जाऊन लागला, म्हणजे स्टन मारलास, तर तो बॉलच्या वाटेशी काटकोनात निघतो. या दोन वाटा डोळ्यांत बसल्या की 'व्हाइट कुठे जाईल ते देवालाच ठाऊक' असं कुणी म्हणणार नाही. (हे हिंजवडीकरांनीही वाचावं.)

उरलेली वीस मिनिटं भुताशी सामना. हे नाव मी ठेवलेलं नाही, जगभर खेळाडू असंच म्हणतात. तीन बॉल टेबलावर कसेही पसर, व्हाइट हवा तिथे ठेव आणि तिन्ही बॉल एकाच दमात, क्रमाने टाक. टाकलेस तर डाव तुझा. एकही चुकला तर भुताचा, कारण भूत कधी चुकत नाही. सात डाव खेळ आणि निकाल वहीत लिही. तीन बॉलवर तू सातत्याने जिंकायला लागलास की चार घे. जीव होत नाही म्हणतोस ना, या भुताने भल्याभल्यांना रात्र रात्र जागवलंय.

आणि घरी? आईच्या ओट्याची फरशी तर असेल. दोन फरश्यांमधल्या सांध्यावर क्यू धर आणि रोज शंभर वेळा मागे-पुढे कर. क्यू सांध्यावरून सरकला की लगेच दिसतं. क्यू नसेल तर सरळ वेताची काठीही चालेल. फुकट आहे.

एक पुरवणी. तुमच्याकडे फाउलला 'दोन शॉट' देत असतील. बऱ्याच पार्लरमध्ये देतात. स्पर्धेत उतरायचं असेल तर आतापासून आंतरराष्ट्रीय नियमाने खेळा : फाउल झाला की समोरच्याने व्हाइट उचलायचा आणि टेबलावर कुठेही ठेवायचा. नियम बदलला की फाउलची भीती बदलते, आणि सेफ्टी (समोरच्याला सोपा बॉल मिळू नये असा शॉट) खेळायची अक्कल तिथूनच येते.

माझा मुलगा पंधरा वर्षांचा. शाळेतून परस्पर पूल पार्लरला जातो. आता 'कोचिंग लाव' म्हणून मागे लागलाय. पुढच्या वर्षी दहावी. आमच्याकडे पूल म्हटलं की टपोरी पोरं आणि सिगारेटी एवढंच डोळ्यांसमोर येतं. काय करू?
— एक आई, नाशिक

तुमची भीती खोटी आहे असं म्हणणार नाही. धुराने भरलेली, पोरांना पैसे लावायला लावणारी पार्लरं मी पाहिली आहेत. म्हणून आधी स्वतः जा. संध्याकाळी चारच्या सुमाराला, न सांगता. तीन गोष्टी बघा : आत सिगारेटचा वास आहे का, काउंटरवरचा माणूस शाळकरी मुलाला वय विचारतो का, आणि कापडावर चहाचे डाग आहेत का. तिसरं हास्यास्पद वाटेल, पण जो मालक टेबल जपतो तो सहसा पोरंही जपतो. एखाद्या जिमखान्यात टेबल मिळालं तर उत्तमच. सदस्यत्व परवडणारं नसतं, पण काही ठिकाणी ज्युनियर मुलांना शिकण्यापुरता प्रवेश देतात. चौकशी करा.

खेळाच्या अब्रूचं म्हणाल, तर स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातला पहिला जगज्जेता याच हिरव्या कापडाने दिला. विल्सन जोन्स, जन्म पुण्याचा, १९२२ चा. १९५८ मध्ये कोलकात्यात ते हौशी बिलियर्डचे जगज्जेते झाले, १९६४ मध्ये पुन्हा. आणि खेळ सुटल्यावर ते शिकवत राहिले. १९९६ मध्ये त्यांना द्रोणाचार्य मिळाला. पंकज अडवाणीही जन्माने पुण्याचा. मोठ्या भावाचं बघून बंगळुरूमध्ये दहाव्या-अकराव्या वर्षी टेबलाकडे वळला, अरविंद सवूर यांच्यासारख्या माजी राष्ट्रीय विजेत्याच्या हाताखाली घडला आणि २००३ मध्ये अठराव्या वर्षी स्नूकरचा जागतिक हौशी विजेता झाला. तुमचा मुलगा अडवाणी होईल असं मी म्हणत नाही. होणार नाही, बहुतेक. पण आज तो चोरून जातो आणि कुणाही टग्याचं बघून शिकतो. कोचिंग लावलंत तर ठरलेल्या वेळी जाईल, ठरलेल्या माणसासमोर. माझ्याकडच्या शाळकरी मुलांना मी दोन अटी घालते : आठवड्यातून तीनच दिवस, आणि पैज नाही, वडापावचीसुद्धा नाही. दहावीच्या शेवटच्या तीन महिन्यांत एक दिवस. टेबल कुठे पळून जात नाही.

त्याला ओरडण्याआधी एकदा त्याचा खेळ बघायला जाऊन बसा, बाई. काही बोलू नका, नुसतं बसा. अण्णांनी माझ्या बाबतीत तेवढंच केलं होतं.

आधी स्नूकर शिकलं की पूल आपोआप येतो असं आमचे सर म्हणतात. खरं का?
— एक खेळाडू, कोल्हापूर

अर्धं खरं. स्नूकरचं टेबल १२ फुटी, बॉल ५२.५ मिलिमीटरचा, पॉकेटचे जबडे गोलसर. बॉल जरा कडेला घासला की पॉकेट त्याला बाहेर थुंकतं. तिथे हात सरळ करावाच लागतो, आणि असा सरळ हात घेऊन ९ फुटी पूल टेबलवर आलं की पॉकेटं बादलीएवढी वाटतात. पण मग ब्रेक (मांडलेले बॉल फोडायचा पहिला शॉट) येतो, जो स्नूकरवाल्याने कधी जिवाच्या आकांताने मारलेलाच नसतो. शिवाय पूलचा बॉल मोठा आणि जड, टिप जाड. साइड आणि स्क्रूचे अंदाज नव्याने बसवावे लागतात. जागा चिंचोळी आणि बॉलची गर्दी, त्यामुळे कुठला बॉल आधी हे कोडंही वेगळं. स्नूकरचं टेबल मिळत असेल तर आठवड्यातून एक दिवस तिथे जरूर घासा. मिळत नसेल तर झुरू नका.

(जाता जाता : स्नूकर जन्मला १८७५ मध्ये जबलपूरला, इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये. भुसावळहून गाडीत बसलं की रात्रीत पोचता येईल अशा गावी. आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये हे कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही तो विलायतेहून आलाय असंच समजत होतो.)

सरावात भुताला हरवते, पण मॅचला उभी राहिले की हात थरथरतो. आमच्या कॉलेजात खेळणारी मुलगी मी एकटीच, सगळे क्यू टेकवून बघत उभे राहतात. उपाय सांगा.
— एक खेळाडू, वाशी

ते बघत उभे राहतात, कारण त्यांना तुझ्याकडून हरायची धास्ती असते. पण यावरून तुझा हात स्थिर होणार नाही, म्हणून कामाचं सांगते.

थरथर थांबत नाही. माझी अजून थांबलेली नाही. तरुणपणी एका जिमखान्यात राज्य स्पर्धेच्या चाचणीला गेले होते, तर बिलियर्ड रूमच्या दारावरच पाटी : 'स्त्रियांना प्रवेश नाही'. सेक्रेटरींनी खास मेहरबानी करून आत घेतलं आणि सात-आठ ज्येष्ठ सभासद खुर्च्या टाकून बसले, सर्कस बघायला बसावं तसे. पहिला सोपा काळा बॉल मी अर्ध्या फुटाने चुकवला. चाचांनी एवढंच सांगून पाठवलं होतं : 'बेटी, चॉक धीरे लगाना.' ते तेव्हा मला आठवलं. चॉक (टिपला लावायचा खडू) हळू लावला की श्वास आपोआप हळू होतो. तिथून माझा एक क्रम ठरून गेला. उभ्यानेच शॉट ठरवायचा. चॉक. उजवा पाय शॉटच्या रेषेवर ठेवायचा, मग वाकायचं. तीन वेळा क्यू मागे-पुढे, एक क्षण थांबायचं, मारायचं, आणि बॉल पडल्याचा आवाज येईपर्यंत खालीच राहायचं. वाकल्यावर मनात दुसरा शॉट आला तर सरळ उठायचं आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. तू हा क्रम सरावातल्या प्रत्येक शॉटला, फूटभरावरच्या सोप्या बॉललासुद्धा कर. मॅचमध्ये मन भरकटतं तेव्हा हात या क्रमाला धरून राहतात. आणि मधूनमधून सराव लोकांसमोरच कर. त्याच पोरांना सांग, 'उभे राहा, बघा.' दहाव्या दिवशी कंटाळतील.

त्या दिवशी मी हरलेच. पण दुसऱ्या फ्रेमला (डावाला) दोन म्हातारे खुर्च्या उचलून जवळ घेऊन बसले. २०१७ मध्ये आपली विद्या पिल्लै जागतिक महिला स्नूकरच्या अंतिम सामन्यात हाँगकाँगच्या ऑन-यीकडून ६-५ अशी, शेवटच्या फ्रेममध्ये हरली. हात तिचेही थरथरले असतील. कुठल्याशा पाटीने मात्र तिला दारात अडवलं नसावं, अशी आशा करते.

वय ६१. निवृत्तीनंतर पूल शिकतोय. प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे. वाकलो की दोन-दोन बॉल दिसतात किंवा चष्म्याची दांडीच आडवी येते. चष्मा काढला तर पलीकडचं पॉकेट पुसट. या वयात जमेल का?
— एक निवृत्त शिक्षक, सांगली

वयाचं सोडा, तुमचा प्रश्न चष्म्याचा आहे आणि तो सुटणारा आहे. वाकून हनुवटी क्यूजवळ नेली की आपण चष्म्याच्या अगदी वरच्या कडेतून बघतो. प्रोग्रेसिव्हमध्ये काचेच्या प्रत्येक थराचा नंबर वेगळा, त्यामुळे मान जरा हलली की बॉल नाचतो. याच दुखण्याने डेनिस टेलर हा आयरिश खेळाडू बेजार होता. त्याने काचा मोठ्या आणि वर उचललेल्या, बघणाऱ्याला उलटा घातलाय असं वाटेल असा चष्मा करून घेतला. लोक हसले. तोच चष्मा घालून त्याने १९८५ च्या जागतिक अंतिम सामन्यात स्टीव्ह डेव्हिसला शेवटच्या फ्रेमच्या शेवटच्या काळ्या बॉलवर १८-१७ ने हरवलं.

तुम्हाला तेवढं नाट्य नको. डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा, की फक्त पूलसाठी एकाच नंबरचा, दीड ते अडीच मीटरवर स्वच्छ दिसणारा चष्मा हवा. फ्रेम उंच काचांची घ्या, आणि नाकावरचे पॅड वाकवून ती चेहऱ्यावर वर बसवून घ्या. मुख्य म्हणजे दुकानात जाताना क्यू बरोबर न्या आणि काउंटरवर वाकूनच फ्रेम निवडा. दुकानदाराला हसू आलं तर येऊ द्या. जुना चष्मा मात्र टाकू नका, वहीत स्कोअर लिहायला तोच लागेल.